खोडाळ्याची शीव

(स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप. बोलण्याच्या ओघात झालेली विषयांतरे तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांच्या पत्रात माझ्या व्याख्यानाचा विषय होता 'निसर्गछायाचित्रण : एक छंद'. मी फोन करून दोन विनंत्या केल्या. छंद हा शब्द काढा, कारण या छंदापायी माझी बायको पस्तीस वर्षं एकटी दिवाळी आवरते आहे. आणि निसर्ग हा शब्दही काढा. पहिली विनंती त्यांनी हसून मान्य केली, दुसरीचं कारण विचारलं. ते कारण सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

मी खोडाळ्यात पहिल्यांदा आलो तो 1988 च्या नोव्हेंबरात. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे विहीगावमार्गे जीप. जीपच्या मागच्या फळकुटावर अर्धा मी आणि मांडीवर माझी यशिका, म्हणजे दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा कॅमेरा. पिशवीत ऑर्वो फिल्मचे सहा रोल. रंगीत फिल्म परवडत नव्हती हे खरं कारण, पण लोकांना मी सांगायचो की मला कृष्णधवलच आवडतं. एका रोलमध्ये बारा फोटो. म्हणजे चार दिवसांत बहात्तर वेळा बटण दाबायचं, त्याहून एकदाही जास्त नाही. आज मुलं विहीगावच्या धबधब्यापाशी जेवढे फोटो पाच मिनिटांत काढतात, तेवढे माझ्या एका हिवाळ्याचे होते.

मला काय हवं होतं? रिकामी जागा. मी गिरणगावातल्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली आणि सात माणसं. रिकामपण म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. सूर्यमाळच्या बाजूला चढून पहिल्यांदा तो सडा पाहिला, कापणी झालेला, पिवळा पडलेला, वर नुसतं आभाळ आणि मध्ये एकच झाड, तेव्हा माझे हात थरथरले होते. फोटोग्राफरचे हात थरथरणं वाईट. तिपाई होती म्हणून निभावलं.

राहायला जागा नव्हती. ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे त्या गुरुजींनी शाळेच्या व्हरांड्यात झोपायला दिलं, वर स्वतःची घोंगडी दिली. पुढच्या वर्षी मी त्या सड्याचा मोठा प्रिंट करून त्यांना आणून दिला. गुरुजींनी चष्मा पुसून तो नीट पाहिला. म्हणाले, "छान आलाय. यात कोण आहे?"

मी म्हणालो, "कोणीच नाही. तेच तर आहे त्यात."

त्यांनी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक गोल, गुळगुळीत, फिकट चट्टा होता. मी तो कातळाचा भाग समजत होतो. "हे खळं आहे," गुरुजी म्हणाले. "शेणानं सारवलेलं. नागली मळून महिना झाला नसेल." मग ते आत गेले आणि शाळेचा हजेरीपट घेऊन आले. दिवाळीच्या सुट्टीनंतरची पानं त्यांनी उघडली. नावांपुढे ओळीनं गैरहजेरीच्या खुणा, पानामागून पान. "माणसं आहेत ना," ते म्हणाले. "भिवंडीला आहेत, वसईला आहेत, वीटभट्टीवर आहेत. तुम्ही येता तेव्हा नसतात, एवढंच."

मी दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी यायचो, कारण तेव्हा हवा स्वच्छ असते, ऊन तिरकं असतं, सावल्या लांब पडतात. आणि नेमकं तेव्हाच भात-नागली हातात आल्यावर गावंच्या गावं पोटासाठी खाली उतरलेली असत, ती होळीला परत येत. माझ्या फोटोंतलं सगळं सुंदर रिकामपण हे स्थलांतराचं रिकामपण होतं. आमच्या धंद्यात ज्याला चांगला उजेड म्हणतात, तो इथल्या माणसाच्या गैरहजेरीचा हंगाम होता. माझ्या आयुष्यात मला कोणी केलेली सर्वांत नेमकी समीक्षा त्या हजेरीपटाची होती. त्यानंतर पाच-सहा मोठ्या समीक्षकांनी माझ्यावर लिहिलं. 'एकांताची लय' वगैरे. कोणालाही खळं दिसलं नाही.

निसर्ग हा शब्द मी का काढा म्हणालो, ते आता थोडं लक्षात आलं असेल.

आणखी एक फजिती सांगतो. माझी एक मालिका मुंबईत बरी गाजली होती, ऐनाच्या झाडांची. उतारावर एकेकटी उभी झाडं, फांद्या छाटलेल्या, बुंध्यावर गाठी, आणि टोकाला चार पानांचा झुपका. मी तिला वादळाशी झुंजणारी झाडं वगैरे असं काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. वादळाचा काही संबंध नव्हता. ती राबासाठी तोडलेली झाडं होती. इथे बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, पण हे भाषण शहरात छापलं जाणार आहे म्हणून सांगतो. भाताचं किंवा नागलीचं रोप जिथे तयार करायचं तिथे फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि पावसाआधी ते भाजतात. तो राब. जमीन भाजली की तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमानं येतं. त्यासाठी डहाळ्या लागतात आणि त्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवरच्या झाडांच्या घेतात. झाड मारत नाहीत. पुन्हा फुटेल असं बेतानं तोडतात. त्या उतारावरच्या प्रत्येक झाडाला कोणाच्या तरी कोयत्यानं वर्षानुवर्षं आकार दिला होता. मालिकेचा खरा कलावंत तो होता, मी नुसता हजर होतो.

या डहाळ्यांवरून या जिल्ह्यात केवढं रामायण झालंय! 1878 च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलखात्याचा अंमल कडक झाला. राब तोडायचा की नाही, कुठल्या झाडाचा तोडायचा, वरकसवरचं झाड कुणाचं, यावरून इतकी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा. गुन्हे, दंड, जबान्या. त्यात राबाचा उल्लेख शोधावा लागत नाही, टाळावा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं खत, साहेबाच्या दृष्टीनं नासधूस. शंभर वर्षांनी मी आलो आणि म्हणालो, व्वा, काय शिल्प आहे! तिघांनी एकच झाड पाहिलं होतं.

आता शिवेकडे येतो.

खोडाळ्याला चार वाटा फुटतात. एक मोखाडा-जव्हारकडे, एक वाड्याकडे, एक विहीगाववरून कसाऱ्याकडे आणि एक वैतरणेच्या अंगानं इगतपुरी-त्र्यंबककडे. चौफुलीवर चहा पिताना मी मोजत बसतो की इथून थोडंथोडं चाललं तर किती हद्दी ओलांडल्या जातात. पालघर जिल्हा संपून नाशिक जिल्हा लागतो, दुसरीकडे ठाणे. पालघर हा 1 ऑगस्ट 2014 पासूनचा जिल्हा, त्याआधी सगळं ठाणेच. महसुलाची जमीन संपते, वनखात्याची लागते. आणि या सगळ्यांच्या खाली एक जुनी रेघ आहे, ती आता नकाशावर नाही. 1948 पर्यंत जव्हार हे संस्थान होतं आणि मोखाडा इंग्रजी मुलुखात. कॅम्पबेलसाहेबाच्या 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा आहे. शहापूरचं त्याआधीचं नाव कोळवण. किती नेमकं नाव! ते का बदललं असेल, देव जाणे.

जव्हारच्या राज्याची गोष्ट तर हद्दीचीच गोष्ट आहे. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा, महादेव कोळी. दंतकथा अशी की त्यानं इथल्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक म्हणाला घे. जयबानं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या लांबच लांब वादीनं राज्य वेढून घेतलं. जयबाच्या मुलाला, निमशाहाला दिल्लीच्या सुलतानानं मान्यता दिली ते साल 1343 सांगतात. हीच कातड्याची युक्ती भूमध्य समुद्राकाठी कार्थेज नगर वसवणाऱ्या डायडो राणीच्या नावावरही आहे. दोन्हीकडे गोष्ट सांगणारे हसतात ते मागणाऱ्याच्या चतुराईला. देणाऱ्या वारल्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. मी मात्र त्या वादीचा फोटो काढायचा प्रयत्न करतोय, पस्तीस वर्षं.

चेष्टा नाही करत. हद्द दिसत नाही हे फोटोग्राफरचं दुखणं आहे. गवत दोन्हीकडे सारखंच, कुळीथ दोन्हीकडे सारखाच. जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहा. शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना तिथे थांबले, विक्रमशाह राजाची भेट झाली, आणि पुढे 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार घेतलं. एका पिढीत पाहुणचारही झाला आणि चढाईही. माळावर दोन्हींची त्या काळची काही खूण नाही. वारा आहे, आणि स्मारकापाशी आइस्क्रीमची गाडी.

मग हद्द दिसते कुठे? मला ती पहिल्यांदा दिसली मोहाच्या झाडाखाली. 1892 साली मुंबई सरकारनं मोहाच्या फुलांचा कायदा केला, खास ठाणे आणि कुलाब्यासाठी. फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं, सगळ्यावर बंधन. कारण फुलाची दारू होते आणि दारूचा महसूल सरकारला हवा. विचार करा, मार्च-एप्रिलमध्ये, कोठारातलं धान्य संपत आलेलं असताना, झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हा गुन्हा. एका म्हाताऱ्या आजींनी मला सांगितलं होतं की त्यांची सासू मोहाखालची जागा पहाटे अंधारातच झाडायची. का, ते आजींना माहीत नव्हतं. "रीत हाय," म्हणाल्या. मला वाटतं, ती रीत नसावी, ती भीती असावी, आणि कायदा विसरला गेल्यावर नुसता अंधार उरला असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. मोहाखालच्या अशाच एका पहाटेचा माझा फोटो पार हललेला आहे. तरी मी तो प्रदर्शनात लावतो.

दुसरी हद्द दिसली वाघोबापाशी. गावाच्या शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी पाटी, तीवर सूर्य, चंद्र आणि खाली वाघ. वाघबारशीला तिथे नारळ फुटतो, कोंबडं कापलं जातं. सर्व्हेचे दगड, वनखात्याचे बुरूज आणि वाघोबा, तिन्ही मी एका दिवसात, एकाच धारेवर फोटोत धरलेत. पहिले दोन माणसाला सांगतात, इथून पुढे येऊ नको. वाघोबाचं तसं नाही. तो वाघाला सांगतो, तू तिकडे, आम्ही इकडे, आणि वर्षातून एकदा आपलं जेवण एकत्र. तिन्हींपैकी कोणती हद्द इथे जास्त पाळली गेली, हे तुम्हीच सांगा.

थोडं दूर जाऊन येतो. अमेरिका आणि कॅनडाच्या मध्ये प्रेअरी नावाची गवताळ मैदानं आहेत, शेकडो मैल सपाट. 1818 च्या करारानं तिथली हद्द 49 व्या अक्षांशावर ठरली, पण जमिनीवर ती आखायला 1872 ते 1874 हा काळ गेला. मोजणी पथकानं गवतात मातीचे ढीग रचत रचत ती रेघ ओढली. पथकाबरोबर ब्रिटिश सैन्यातले फोटोग्राफर होते, काचेच्या प्लेटा घेऊन. त्यांच्या फोटोंत काय आहे? सपाट गवत, आभाळ आणि एक ढीग. पण तिथल्या मूळ लोकांनी त्या रेघेला जादूची रेघ म्हटलं, कारण पाठलागावरची अमेरिकन घोडदळं तिच्यापाशी येऊन आपोआप थांबायची. अमेरिकन सैन्याशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर 1877 मध्ये त्या मूळ लोकांचा एक नायक, सिटिंग बुल, आपली माणसं घेऊन ती ओलांडून गेला आणि चार वर्षं तिकडे राहिला. मी त्या फोटोंच्या प्रती पाहिल्या तेव्हा मला सूर्यमाळचा माझा पहिला फोटो आठवला. त्यांनीही कोपऱ्यातलं खळं पाहिलं नसणार.

आता जरा अवघड गोष्ट. टाळणार होतो, पण गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर टाळता येत नाही.

1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी फुटली. कुपोषण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला, मंत्री आले, गाड्या आल्या, आणि माझे व्यवसायबंधू आले. त्यांनी काढलेल्या फोटोंमुळे सरकार हललं, हे मी मान्य करतो, कमी लेखत नाही. त्या धांदलीत एका संपादकांनी माझ्याकडे या भागातला एखादा फोटो मागितला. मी मे महिन्यातल्या एका उताराचा दिला, काळा, भाजलेला. छापून आला तेव्हा खाली ओळ होती : ओसाड मोखाडा. तो उतार ओसाड नव्हता. तो नुकताच भाजलेला राब होता. पंधरा दिवसांनी तिथे वरीचं रोप आलं. ती ओळ मी लिहिली नव्हती, पण खुलासाही केला नाही. मानधनाचा धनादेश मात्र वटवला. गुरुजींनी अंक पाहिला होता. ते काही बोलले नाहीत, त्या वर्षीही घोंगडी दिली.

तेव्हापासून या भागाचे दोनच फोटो बाहेर जातात. एक, फासळ्या दिसणारं मूल. दुसरा, पावसाळी धबधबा, हिरवंगार, धुकं. पहिला पाहून लोक हळहळतात, दुसरा पाहून गाडी काढतात. दोन्ही खरे आहेत. पण या दोघांच्या मध्ये जे वर्षभर चालतं, आवणी, बेणणी, मळणी, वीटभट्टीची उचल, परत येणं, लग्नं, बोहाड्याची सोंगं, टेंभ्यांच्या उजेडात हलणारे मुखवटे, शाळेत पुन्हा भरणारा हजेरीपट, ते कोणी काढत नाही. मीही वीस वर्षं काढलं नाही. माझ्या मते हा आमच्या धंद्याचा आळस आहे, त्याला सौंदर्यदृष्टी म्हणू नये.

पाण्याचं सांगतो आणि आटोपतो. मधल्या वैतरणेचं धरण तुमच्या मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला झालं. उंची सुमारे 102 मीटर. 2014 पासून तिथून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जाऊ शकतं. त्याच्या खाली मोडकसागर, वर अप्पर वैतरणा, सगळं मुंबईसाठीच्या एका नदीवर. मी त्या दरीचे फोटो 1990 पासून एकाच जागेवरून काढत होतो, एकाच दगडावर तिपाई ठेवून. तो दगड आता पाण्याखाली आहे. माझ्या मुंबईतल्या घरच्या नळाला ते पाणी येतं. इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये त्याच डोंगरावरच्या पाड्याला टँकर लागतो, हंडे रांगेत लागतात. मी त्या रांगेचा फोटो काढला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "काका, आमचा काढताय, तुमच्या नळाचा कधी काढणार?" गेल्या वर्षी काढला. माझ्या मोरीतला नळ, बादली, खिडकीतून येणारा उजेड. तो फोटो आज इथे भिंतीवर आहे, धरणाआधीच्या दरीच्या फोटोशेजारी. त्याला निसर्गचित्र म्हणायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

मुंबईत फोटोग्राफीची संस्था 1854 साली निघाली. त्यात नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसं सुरुवातीच्या काळातच होती. म्हणजे आपल्याला कॅमेरा मिळून पावणेदोनशे वर्षं होत आली. जॉन्सन नावाच्या फोटोग्राफर साहेबानं 1860 च्या दशकात मुंबईच्या जातीजमातींचा ग्रंथ काढला, तेव्हा माणसं एकीकडे टिपली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडला. माणूस वेगळा, जमीन वेगळी. हसू येतं, पण मी तरी काय केलं? उलट केलं, एवढंच. जमीन ठेवली, माणूस काढला.

म्हणून शेवटचं मागणं. माझ्या निगेटिव्ह आता मी कोणत्याही संग्रहालयाला देणार नाही. मुख्याध्यापकांशी बोललो आहे. तीन लोखंडी पेट्या शाळेला देतो आहे, त्यांत सिलिकाची पुडकी आहेत, ती दर पावसाळ्याआधी बदलावी लागतील. मागच्या खोलीत बाकांवर फोटो मांडले आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. माझ्या वहीत त्यांपुढे तारीख आहे, छिद्रमान आहे, उजेड कुठून आला ते आहे. उताराचं नाव नाही, पाणवठ्याचं नाव नाही, शेत कोणाच्या घरचं ते नाही. ती माहिती या सभागृहात बसली आहे, आणि तिच्यातले काहीजण आता सत्तरी-ऐंशीचे आहेत. बाकांना सुतळीनं पेन्सिली बांधल्या आहेत. शाई वापरू नका, पुढे उमटते. चहा झाला की आधी क्रमांक एकपाशी या. सूर्यमाळ, नोव्हेंबर 1988, डाव्या कोपऱ्यात खळं. ते कोणाचं होतं, तेवढं मागच्या बाजूला लिहा.